लिंबाजीच्या बायकोची लिंबं

कोऱ्हाळे बुद्रुकच्या साखरबाईनं सात वर्षं बारामतीच्या बाजारात लिंबं विकली आणि त्या सात वर्षांत 'लिंबू' हा शब्द एकदाही तोंडातून काढला नाही. नवऱ्याचं नाव लिंबाजी. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, एवढं ज्ञान आमच्याकडं प्रत्येक बाईला असे. नावाच्या जवळपासचा शब्दही चालत नसे. म्हणून ती ओरडायची, "आंबट घ्या, आंबट!"

गिऱ्हाइकं मुद्दाम छेडायची. "आंबट म्हंजी काय गं? चिंच?"

"डोळं फुटलं का तुमचं? बघा की पाटीत!"

मला या प्रकाराची तेव्हाही चीड यायची, आजही येते. पाटाचं पाणी जिथं चढत नव्हतं त्या उंचवट्यावर, डोक्यावरून घागरी वाहून तिनं वीस झाडं जगवली. लिंबाजीनं तांब्याभरही पाणी घातलं नाही. आयुष्य मात्र त्याचं जपायचं!

चौपन्न साली त्यानं रतन नावाची बाई घरात आणून बसवली आणि साखरबाईला डाळजला भावाकडं हाकललं. झाडं स्वतःकडं ठेवली. तिच्या पोटाला दुसरं काहीच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी तिनं एका बागवाल्याकडून पाटीभर माल उचलला, बाजारात त्याच झाडांची लिंबं विकायला बसलेल्या लिंबाजीच्या बरोबर समोर बसली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "लिंबं घ्या, लिंबं!"

शेजारच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. लिंबाजी गिऱ्हाइकाला लिंबं मोजून देताना चुकायला लागला. दिवस मावळेपर्यंत ती थांबली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच.

तिसऱ्या गुरुवारी तो आलाच नाही. थंडी वाजून ताप. त्या वर्षी निम्म्या गावाला हिवताप होता, पण ऐकतो कोण? सासू प्रयागबाई बाजारात धावत आली.

"अगं कैदाशिणी, माज्या लेकाचा जीव घेतीस का?"

"मी माल इकतीया, आत्याबाई. आविष्य राखायला ठिवलीया की दुसरी."

"काय पायजे तुला?"

"झाडं. समदी. आन् कागदावर."

पंचांनी कागद केला. वीसही झाडं साखरबाईची. बदल्यात तिनं बारामतीच्या बाजारात ते नाव घ्यायचं नाही. तिनं कागद पंचांकडून दोनदा वाचून घेतला आणि अंगठा उठवला.

त्याच रविवारी एसटीच्या टपावर पाट्या चढवून ती इंदापूरच्या बाजाराला गेली. तिथं काय ओरडली, ते आठवड्याच्या आत कोऱ्हाळ्यात कळलं. लिंबाजी तापातच पंचांकडं गेला.

पंचांनी कागद उलटासुलटा पाहिला. "ह्यात इंदापूर न्हाय, लिंबाजीराव."