डाळीतले थेंब

धम्मदीपने आउट काढलेलं चाक परत येत नसे. नालवाडीत भैयाजींच्या सायकल दुकानात तो बरीच वर्षं तेच काम करत होता. चाक फिरवायचं, वाकडं कुठे जातं ते पाहायचं, तार आवळायची, पुन्हा फिरवायचं. गिऱ्हाईक बोलायला लागलं की तो पाठ करून बसे. भैयाजी गिऱ्हाइकाला सांगत, "त्याच्याशी नोका बोलू. त्याले चाकाशी बोलू द्या." एवढ्यावर त्याचं भागत होतं.

वयाच्या तिशीत नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला ऑटिझम असल्याचं सांगितलं. हा आजार नव्हे, जन्माची घडण आहे, असंही बजावलं. धम्मदीपला हायसं वाटलं. आपण माजोरडे नव्हतो तर. त्याची आई तानाबाई मात्र एवढंच ऐकून उठली की रोगाला नाव मिळालं, आता औषधही मिळेल.

वडील कवडू बाजार समितीत हमाली करून थकलेले. "बुवाबाजी आपल्या घरात चालत नाई," असं ते चारचौघांत ठासून सांगत. आणि धम्मदीपसाठी मोबाइलवर भाषण देणाऱ्या एका माणसाचे औषधी थेंब आणवत.

"बाटलीवर कोटवाला फोटो हाय म्हणून तो बुवा नाई का?" धम्मदीपने विचारलं.

"तू चाकाचा आउट काढतं ना? मंग तुह्या डोक्याचा काढला तं काय बिघडते?"

"मी चाक नाई, बा."

थेंबांनी त्याला गुंगी यायची. त्याने घेणं बंद केलं आणि आईला सांगितलं, "जेवताना टीव्ही बंद ठेव. पाहुणा येणार असला तं आदल्या दिवशी सांग. दुसरं काई नको मले." तानाबाई पुढच्या बाटलीसाठी भर उन्हात हिंगणीला त्या माणसाच्या एजंटकडे जाऊन आली. टीव्हीचं बटण हाताशी होतं, ते काही दाबलं गेलं नाही.

थेंब बंद झाले तरी गुंगी उतरेना. चाकं परत यायला लागली.

"दीपभाऊ, असं चाललं तं चाकावर दुसरा बसवा लागन," भैयाजी म्हणाले. "तू समोर पंक्चर काढ."

पंक्चरची जागा रस्त्याला लागून. दिवसभर हॉर्न, दिवसभर बडबड. तिथे आपण टिकणार नाही, हे धम्मदीपला ठाऊक होतं. तो दुपारीच घरी आला, तर तानाबाई त्याच्या डाळीत थेंब टाकत होती.

"काऊन टाकून राह्यली?"

"तुह्यासाठीच ना रे. बरा होशीन."

"मी बिमार नोहोतो. तू केलं. माहं काम चाललं हातचं."

"बरा झाला की याच्याहून चांगलं भेटन."

"मले हेच पायजे."

तानाबाई रडायला लागली. "पाय, मायले रडवलं," कवडू म्हणाले. "याले माया समजत नाई, डॉक्टरीण म्हने तसं."

डॉक्टरीणबाई असं म्हणाल्याच नव्हत्या.

त्या दिवसापासून तो स्वतःचं वेगळं शिजवू लागला. हात पूर्वीसारखा झाला, भैयाजींनी चाकाची जागा परत दिली. घरात मात्र कोणी विचारलं नाही, की गुंगी कशी गेली.

एका संध्याकाळी त्याची खिचडी चुलीवर होती. तानाबाई त्याच्यासमोरच फोनवर त्या माणसाला विचारत होती, "आता लेकरू माह्या हातचं खात नाई जी. येगळं शिजवते. याच्यावर कोणतं औषध?"

"त्याची दुसरी बाटली येते, माताजी," फोनमधून आवाज आला.

धम्मदीपने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि खिचडी शिजेपर्यंत तिथून हलला नाही.