यशोदाबाईंचा काऱ्या आणि भज्यांची फळी

"याले दवा द्या," यशोदाबाई म्हणाल्या. "चोरीची."

दवाखान्याच्या पडवीत त्या उभ्या होत्या. हातात जुन्या लुगड्याच्या काठाची दोरी आणि दोरीच्या टोकाला एक काळं, हाडकुळं कुत्रं. त्याच्या मिशांना बेसन लागलं होतं. माझ्याकडे बघून ते शेपूट हलवत होतं. आपण आरोपी आहोत याची त्याला कल्पना नसावी.

मी गुरांचा डॉक्टर. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. माझी नेमणूक सावली आणि चामोर्शीच्या मधल्या, वैनगंगेकाठच्या एका गावात होती. माझं काम बैलांचं आणि म्हशींचं. पावसाळ्याआधी घटसर्पाची टोचणी, पेरणीच्या दिवसांत बैलांचे सुजलेले खांदे, अडलेल्या गायी. कुत्रं घेऊन कोणी येत नसे. कुत्रं चावलं की माणसं येत, आणि त्यांना मी माणसांच्या दवाखान्यात पाठवत असे.

यशोदाबाईंना मात्र नाही म्हणता आलं नाही. बस थांबायची तिथे त्यांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे कुडाच्या चार भिंती, एक चूल आणि दोन पिंपांवर टाकलेली सागाची रुंद फळी. फळीवर चहाचे कप, भज्यांची परात आणि तळलेल्या मासोळ्या. त्यांचे यजमान तलावात मासे धरायचे, ते वारले होते. मुलगी लग्न होऊन चिमूरकडे गेली होती. मी एकटा राहत असे आणि माझं दुपारचं जेवण त्यांच्याकडेच व्हायचं. आधी त्या मला वाढत आणि मग स्वतः खात.

कुत्रं त्यांच्याकडे आलं त्याचीही एक गोष्ट होती. मासरू नावाचा एक गोंड म्हातारा जंगलातल्या गावाहून दर आठवडी बाजाराला चारोळी नि मोहाची फुलं घेऊन यायचा आणि यशोदाबाईंच्या दारात बसून चहा प्यायचा. सोबत हे कुत्रं असे. हिवाळ्यात म्हातारा वारला. पुढच्या बाजाराला कुत्रं एकटंच दोन कोस चालत आलं आणि म्हातारा बसायचा त्या जागी बसलं. संध्याकाळी परत गेलं. त्याच्या पुढच्या बाजारालाही तसंच. तिसऱ्या बाजाराला ते परत गेलंच नाही. मासरूच्या मुलाने निरोप पाठवला की राहतं तर राहू द्या. यशोदाबाईंनी त्याचं नाव ठेवलं काऱ्या. काऱ्या म्हणजे काळ्या. तिकडच्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो.

आठवडाभरातच काऱ्या फळीवरून चोऱ्या करू लागला. बाई चुलीकडे वळल्या की पुढचे दोन पाय फळीवर, तोंड परातीत. ओरडून झालं, लाकूड उगारून झालं, एकदा पाठीत घालूनही झालं. त्या दिवशी बाईच रात्रभर झोपल्या नव्हत्या.

मी काऱ्याला तपासलं. पोट फुगलेलं, बरगड्या दिसत होत्या. पोटात जंत असलेल्या जनावराने कितीही खाल्लं तरी ते उपाशी राहतं. तेव्हा कुत्र्यांच्या जंतांवर आम्ही सुपारीची ताजी पूड देत असू. उपाशीपोटी एक डोस दिला. जंत पडले. मी यशोदाबाईंना सांगितलं, आता भूक आटोक्यात येईल, चोरी आपोआप थांबेल.

पंधरवड्यात काऱ्या धष्टपुष्ट झाला. आता तो फळीवर पाय ठेवत नसे, सरळ उडी मारून वर चढत असे.

मग मी एक उपाय सांगितला, त्याची आज लाज वाटते. दोन भज्यांत वाटलेली मिरची भरून ती फळीच्या कडेला ठेवायला सांगितली. काऱ्याने ती खाल्ली, गुरांच्या टाक्यावर जाऊन भरपूर पाणी प्यायला आणि उरलेल्यांसाठी परत आला. त्यानंतर मात्र दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही. मिरची कोणाची, हे त्याने कसं ओळखलं कोण जाणे.

इथवर हा सगळा हसण्याचा मामला होता. मग बाजारात एका पिसाळलेल्या कुत्र्याने दोघांना चावा घेतला.

सरपंचांनी मला बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. गाव घाबरलं होतं आणि त्यांना काहीतरी करणं भाग होतं. मोकाट कुत्र्यांना विष घालायचं ठरलं होतं. त्या काळी ही सर्रास पद्धत होती. कुचल्याचं विष मांसाच्या तुकड्यात घालून पहाटे रस्त्यावर टाकत. विष टाकताना मी हजर राहायचं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो की पाळलेल्या कुत्र्यांचं काय? त्यांनी सांगितलं, ज्याचं त्याने बांधून ठेवावं, गळ्यात पट्टा घालावा.

"सरपंचसाहेब, विषाला पट्टा दिसत नाही," मी म्हणालो.

"डॉक्टरसाहेब, पिसारलेल्या कुत्र्यालेई लेकरू दिसत नाई," ते शांतपणे म्हणाले.

 मी तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली. तेवढ्या दिवसांत दवंडी द्या, म्हणालो, लोकांना कुत्री बांधायला वेळ मिळेल. ते त्यांनी मान्य केलं.

दुपारी जेवताना मी यशोदाबाईंना हे सांगितलं. त्यांनी हातातला झारा खाली ठेवला. काऱ्याला बांधून ठेवा, असं मी म्हणालो. पण तो जंगलातल्या गावचा, एका जागी कधी बांधून न राहिलेला. दोन दोऱ्या त्याने त्याच आठवड्यात कुरतडल्या. आणि बांधूनही भागत नव्हतं. विषाचे तुकडे कावळे उचलतात आणि कोणाच्याही अंगणात नेऊन टाकतात, हे मी दुसऱ्या गावी पाहिलं होतं. दिसेल ते खाणारं कुत्रं त्यातून वाचत नाही.

"म्हंजे याची चोरीच याले खाणार," बाई म्हणाल्या. मग त्यांनी फळीवरचं एक मोडकं भजं उचललं आणि काऱ्याकडे टाकलं. त्याने ते वरच्या वर झेललं.

मी जेवता जेवता थांबलो. इतके दिवस मी कुत्र्याकडे बघत होतो, बाईंच्या हाताकडे बघितलंच नव्हतं. त्या दुपारी तासभर बसून राहिलो आणि नुसतं पाहत राहिलो. मोडकं भजं, मासोळीची करपलेली शेपटी, चहात पडलेलं बिस्कीट, सगळं फळीवरून काऱ्याकडे जात होतं. बसची वाट पाहणारी माणसंही अर्धं भजं टाकत होती. काऱ्याच्या लेखी फळी म्हणजे फळांनी लगडलेलं झाड होतं. पडेल तेव्हा खायचं, नाही पडलं तर चढून खायचं. यात चोरी कुठे होती?

मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांना राग आला. "त्याले माया करू नको काय मी?"

पुढच्या बाजाराला मासरूची सून सोमीबाई आली. तिला पाहून काऱ्या लोळणच घेऊ लागला. तुमच्या घरी तो चोरी करायचा का, असं मी तिला विचारलं. तिला प्रश्नच कळेना. ती म्हणाली की मासरू जेवायला बसला की काऱ्या दाराशी बसायचा. म्हाताऱ्याचं झालं की तो त्याच्यापुढे पानावर आंबील-भात ठेवायचा. "मामा 'तिन' म्हने, मंगच खाय. नाई म्हटलं तं बसून राहे."

तिन म्हणजे गोंडीत खा.

बाईंनी पानावर थोडा भात ठेवला. काऱ्या झेपावणार, तोच सोमीबाईने पानावर तळहात धरला. तो थबकला, मागे सरून बसला. तिने हात काढला. तो बसूनच. तोंडातून लाळ गळत होती, डोळे तिच्याकडे. तिने शब्द उच्चारला आणि पान क्षणात साफ झालं. त्याला सगळं येत होतं. मासरूकडे एक जागा होती, एक माणूस होता, एक शब्द होता. इथे दहा हात होते आणि शब्द एकही नव्हता.

यशोदाबाईंनी पदराने डोळे पुसले. मासरू त्यांच्या दारात इतकी वर्षं चहा प्यायला, पण कुत्र्याशी काय बोलतो ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही कामाला लागलो. पहिलं काम फळीचं. भज्यांवर टोपली, मासोळ्यांवर दुसरी परात, आणि फळीवरून काऱ्याकडे एक कणही जायचा नाही. सवय मोडायची तर तिला मिळणारं बक्षीस आधी बंद करावं लागतं. चोरी दहा वेळा फसली आणि अकराव्यांदा साधली, तर कुत्रं अकरावीच लक्षात ठेवतं. दुसरं काम जागेचं. दाराच्या डाव्या बाजूला गोणपाट अंथरलं. दोन वेळचं खाणं तिथेच, तळहात धरून, शब्द उच्चारून. शब्द फक्त बाईंनी म्हणायचा.

गिऱ्हाइकं ऐकत नव्हती. बाईंनी जाहीर केलं की जो भजं टाकेल त्याला चहा मिळणार नाही. पोस्टमास्तरांना एक दिवस खरंच मिळाला नाही.

आठव्या दिवशी फळीवर उघडं भजं ठेवून पाहिलं. काऱ्याने ते पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि गोणपाटावर जाऊन बसला. बाईंनी त्याला वाळलेली मासोळी दिली. हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग. नुसतं 'नको' शिकवून भागत नाही. न घेतल्याबद्दल घेण्यापेक्षा चांगलं काहीतरी मिळावं लागतं. दहाव्या दिवशी मात्र त्याने एका वाटसरूच्या ताटातली अख्खी मासोळी पळवली. बाईंनी लाकूड उचललं, परत चुलीत घातलं आणि म्हणाल्या, उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून.

मग मी साध्या मांसाचे तुकडे अंगणात, बाजाराच्या वाटेवर, विहिरीजवळ टाकून ठेवू लागलो. बाई त्याला घेऊन फिरायच्या. आधी तो हुंगायचा, मग बाईंकडे वळायचा. शेवटी शेवटी हुंगायचाही नाही, तुकडा दिसला की बाईंपुढे येऊन बसायचा, जणू वर्दी देतोय.

विषाची पहाट आली. मी हजर होतो. त्याबद्दल फार लिहीत नाही. काही कुत्री ओळखीची होती.

उजाडल्यावर मी हॉटेलकडे गेलो. दार सताड उघडं होतं. मागच्या अंगणात काऱ्या बसला होता. त्याच्या पुढच्या पायांपासून वीतभर अंतरावर मांसाचा तुकडा पडला होता आणि कुडावर कावळा. यशोदाबाई चार हातांवर उभ्या होत्या, पदर तोंडात धरून. मी काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला. तोंडातून कुठलाही आवाज निघाला आणि त्याला तो शब्द वाटला तर, या भीतीने त्या जागच्या हलत नव्हत्या. काऱ्या एकटक त्यांच्याकडे पाहत होता.

मी चुलीतला चिमटा आणला, हळूच पुढे झालो, तुकडा उचलला आणि नंतर खोल खड्ड्यात पुरला. तुकड्यात विष होतंच. मी परतलो तेव्हा बाई गोणपाटावर बसल्या होत्या आणि अख्खी परात काऱ्यापुढे होती. त्यांच्या तोंडून शब्द काही केल्या फुटेना. काऱ्या थांबला होता. तिसऱ्या खेपेला त्यांना "तिन" म्हणता आलं.

माझी बदली होईपर्यंत, म्हणजे आणखी चार वर्षं, काऱ्याने फळीला तोंड लावलं नाही. सरपंचांना मी तुकडा अंगणात पडल्याचं सांगितलं.  त्यानंतर माझ्या काळात तरी गावात विष घातलं गेलं नाही.

पुढे नोकरीत अनेकांनी चोरटी कुत्री आणली. मी कुत्र्याला तपासतो, जंतांचं औषध देतो आणि मग मालकाच्या घरी जेवायला जातो. कुत्र्याला शिकवायला तीन आठवडे पुरतात. मालकाला किती लागतील, ते त्याच्या ताटाशेजारी बसल्याशिवाय सांगता येत नाही.