अक्काचं मत

अक्काच्या पाठीवर काळपुळी उठली तेव्हा तिला सोडून घरातल्या सगळ्यांना तिच्यावरचा उपाय ठाऊक होता. शेजारच्या मास्तरांनी पोटीस सांगितलं, वैद्यांनी लेप दिला, आणि अप्पांनी कोर्टातून आल्यावर पागोटं खुंटीला लावता लावता निकाल दिला, "हुबळीला नेऊ." ज्या पाठीबद्दल हे चाललं होतं ती पाठ स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मनात येण्यासारखं त्यात काय होतं, असंच तेव्हा वाटायचं.

अक्का माझी आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची, अप्पांची, थोरली बहीण. अप्पा तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. पंधराव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी धारवाडला परत आली आणि पुढची चाळीस वर्षं आम्हा सगळ्यांना जेवू घालत राहिली. अप्पा वकील, मी नुकताच बी. ए. होऊन शाळेत इंग्रजी शिकवायला लागलेला. घरात एवढी विद्वत्ता असताना अक्काने बोलायची काही गरजच उरली नव्हती.

हुबळीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काळपुळी पाहिली, लघवी तपासली आणि मधुमेह आहे असं सांगितलं. सांगितलं म्हणजे मला आणि अप्पांना, इंग्रजीत. अक्का खाटेवर बसून आमच्या तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. डॉक्टर विलायतेला जाऊन आलेले होते आणि रोग्याशी बोलल्याने वेळ फुकट जातो हे तिथून शिकून आले असावेत. इन्शुलिन नावाचं नवं औषध रोज दोनदा टोचायचं, ते प्राण्यांपासून काढतात, तेव्हा पेशंटला त्यातलं काही कळू देऊ नये, असं त्यांनी बजावलं. अप्पांनी मान डोलावली. मीही डोलावली. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलत होते, याचंच मला इतकं अप्रूप वाटत होतं की ते काय बोलत होते याचा विचार करायला सवड झाली नाही.

बाहेर आल्यावर अक्काने विचारलं, "काय म्हणाले रे?"

"परदेशातल्या एका झाडाचा अर्क आहे," मी म्हणालो. "तो टोचला की बरं वाटेल."

"बरं," अक्का म्हणाली. एवढ्यावर तिने पहिल्या सुईला दंड पुढे केला.

अक्काला वॉर्डात ठेवून अप्पा धारवाडला परतले. मला उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून मी हुबळीतच एका नातेवाइकांकडे राहिलो. अक्का सोवळ्याची, दवाखान्यातलं अन्न तिला चालत नव्हतं. रोज दहाच्या ठोक्याला मी नातेवाइकांकडून डबा नेऊन द्यायचो. देशाच्या भावी नागरिकांना घडवणाऱ्या माणसाला एवढी जबाबदारी पेलवेल, असं सर्वांचं मत होतं.

अक्काच्या वॉर्डात एक नर्स होती. पस्तिशीची, ख्रिश्चन, घरी कानडी बोलणारी, मराठी बेताचं. सकाळी आली की ती आधी "ऊटा आतेन्री, अव्वा?" म्हणून, आईला हाक मारावी तशी, जेवणाची चौकशी करायची, मग झोप कशी लागली, पाठ कुठे ओढते, मलमपट्टी कोणत्या कुशीवर केली तर कमी दुखतं. अक्का पहिले दोन दिवस उत्तर देताना माझ्याकडे बघायची. आपल्या दुखण्याबद्दल आपल्यालाच विचारतात हे तिला चमत्कारिक वाटत होतं. मलाही वाटत होतं. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे बघेनाशी झाली.

मग एकादशी आली. अक्का एकादशीला पाण्याखेरीज काही घेत नसे. ते मला लहानपणापासून माहीत होतं, म्हणून मी डबा नेलाच नाही. उशिरापर्यंत झोपलो आणि अकराला रमतगमत दवाखान्यात गेलो. नर्सने नेहमीप्रमाणे साडेनऊला सुई टोचलेली होती. टोचल्यावर अर्ध्या तासात पोटात अन्न जायला हवं, हे मला डॉक्टरांनी उत्तम इंग्रजीत सांगितलेलं होतं.

मी पोचलो तेव्हा अक्का घामाने निथळत होती. हात थरथरत होते, डोळे उघडे असून ती मला ओळखत नव्हती. नर्स एका हाताने तिची मान धरून दुसऱ्या हाताने साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजत होती. पंधरा मिनिटांनी अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझा उपास मोडला का रे?"

डॉक्टर आले आणि "हे अडाणी लोक" या विषयावर मला इंग्रजीत सुनावून गेले. अडाणी लोकांत माझा समावेश नव्हता, असं मी समजून घेतलं. ते गेल्यावर नर्सने स्टूल ओढलं आणि अक्काजवळ बसली.

"अव्वा, चूक माझी. जेवण येणार की नाही हे मी विचारून सुई द्यायला पाहिजे होतं."

त्या दिवशी चूक कबूल करणारी ती एकटीच निघाली.

मग तिने अक्काला महिन्यातले सगळे उपास विचारले. कोणत्या दिवशी काय चालतं, किती वाजता, दूध चालतं का, केळं चालतं का. अक्का विचार करून म्हणाली, "एकादशीला दूध आणि फळ घेतलं तर देव काही रागावणार नाही. पण शिजवलेलं नको." नर्सने कागदावर लिहून घेतलं. दोन दिवसांनी डॉक्टरांनी फेरीच्या वेळी जाहीर केलं की एकादशीला औषध कमी करून दूध-केळं द्यावं, असं त्यांनी ठरवलं आहे. नर्स म्हणाली, "यस, डॉक्टर."

"घरी गेल्यावर हे कोण करणार?" एकदा नर्सने विचारलं. मी अप्पांचं नाव घेतलं, मग धारवाडच्या कंपाउंडरचं. ती अक्काकडे वळली. "अव्वा, तुम्हीच शिकता का?"

मी हसलो. ज्या बाईला सही करता येत नव्हती ती लघवीची परीक्षा करणार होती! पण अक्का शिकली. काचेच्या नळीत मोरचुदासारखं निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर नळी तापवायची. निळंच राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर जास्त, विटेसारखं झालं तर डॉक्टरकडे धाव घ्यायची. चाळीस वर्षं फोडणीचा रंग बघून स्वयंपाक केलेल्या बाईला यात अवघड काय होतं! "आज कैरीच्या सालीसारखा आहे," ती सांगायची, आणि तिचं सांगणं नर्सच्या नोंदीशी जुळायचं. मी बघायचो तेव्हा मला हिरव्यात पिवळं दिसायचं.

सुई टोचायला तिने लिंबावर शिकायला सुरुवात केली. तिसरं की चौथं लिंबू चाललं होतं, तेव्हा बाटली हातात घेऊन तिने सहज विचारलं, "हे कोणत्या झाडाचं?"

नर्सने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी खुणा केल्या; वाटेल तेवढ्या केल्या. तिने पिचकारी खाली ठेवली.

"अव्वा, यावर बोलू नका, असं मला साहेबांनी सांगितलंय. पण तुम्ही सरळ विचारलंत. मी खोटं सांगणार नाही. हे झाडाचं नाही. कसाईखान्यातल्या जनावरांच्या पोटात एक गाठ असते, तिच्यातून काढतात."

"कोणतं जनावर?"

"गाय, बैल. कधी डुक्कर. या बाटलीत कुठलं ते मला माहीत नाही."

अक्काने लिंबू बाजूला ठेवलं आणि हात पदराला पुसले. मग तिने विचारलं, "नाही घेतलं तर?"

"जखम भरायची नाही. साखर वाढेल. काही महिने जातील, कदाचित वर्ष. नक्की मला सांगता येत नाही."

"आणि घेतलं तर?"

"जन्मभर घ्यावं लागेल, रोज. पण उठाल, चालाल, स्वयंपाक कराल."

"आज संध्याकाळी टोचू नका," अक्का म्हणाली. "मला विचार करू दे."

"मला साहेबांना सांगावं लागेल, अव्वा."

"सांगा की."

मग ती माझ्याकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. "तू शिकलास म्हणून तुझ्यावर विश्वास ठेवला रे," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

तार मिळताच दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने अप्पा आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर, अप्पा आणि मी अशी तासभर सभा भरली. डॉक्टरांचं म्हणणं, नर्सला दुसऱ्या वॉर्डात हलवावं. अप्पांनी वकिली डोकं चालवलं: नर्सचं मराठी कच्चं, तिने चुकून भलतंच सांगितलं, असं अक्काला पटवून द्यावं. ते नच जमलं तर गुरुजींकडून प्रायश्चित्त काढून आणावं. मी दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असं म्हणालो. अक्काची खाट तिथून दहा पावलांवर होती. सभेतल्या कुणालाही ती दहा पावलं चालवली नाहीत.

शेवटी नर्सच बाहेर आली. "अव्वा बोलावतायत. मत ठरलंय म्हणाल्या."

अक्का उशीला टेकून बसली होती. अप्पा आत शिरताच सुरू झाले, "अक्का, तसं काही नाहीये, त्या बाईंचं मराठी..."

"तू थांब जरा," अक्का म्हणाली. अप्पांना कुणी थांबवलेलं मी त्याआधी फक्त कोर्टात पाहिलं होतं, आणि तेही न्यायाधीशाने. "मी औषध घेणार आहे. पाप असेल तर ते माझं. वर गेल्यावर विचारलं तर मी सांगेन, तुमच्यापैकी कुणी माझ्याबरोबर तिथे यायचं नाहीये. गुरुजींना विचारायला जाऊ नका. सुई मीच टोचून घेईन, टोचल्यावर आंघोळ करीन, आणि बाटली स्वयंपाकघरात ठेवायची नाही. आणि या बाईंना इथून हलवलं तर मी कुणाच्याच हातची सुई घेणार नाही."

शेवटचं वाक्य तिने डॉक्टरांकडे बघून म्हटलं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांना दुसऱ्या वॉर्डात तातडीचं काम आठवलं. नर्स तिथेच राहिली. अप्पा खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "अक्का, दुखतं का ग फार?" माझ्या उभ्या आयुष्यात बहीण-भावांत असा प्रश्न झालेला मी ऐकला नव्हता. "सकाळी जास्त दुखतं," ती म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ सांगत राहिली.

महिन्याभरात काळपुळी भरली. धारवाडला आल्यावर परसातल्या पडवीत ओल्या वाळूच्या मडक्यात बाटल्या ठेवल्या गेल्या. अक्का पहाटे आणि संध्याकाळी सुई टोचून घ्यायची, आंघोळ करायची, दूध घ्यायची आणि स्वयंपाकाला लागायची. दर तीन महिन्यांनी ती गाडीने हुबळीला जाऊन नर्सला भेटून यायची. डॉक्टरांनाही भेटायची, वेळ उरला तर. मी सोबत यायला निघालो की म्हणायची, "तू कशाला? मला बोलता येतं."

पुढे दुसरं महायुद्ध लागलं आणि औषध मिळेनासं झालं. एकदा तीन आठवडे एकही बाटली आली नाही. अप्पांनी मुंबईला तारा केल्या, मी चार कचेऱ्यांत जाऊन इंग्रजीत अर्ज दिले. अक्काने उरलेलं औषध निम्मं-निम्मं केलं, भात आणि गूळ बंद केला, दोन वेळा मूठभर भाजी आणि ताक घेतलं, आणि रोज नळीत रंग बघत बसली. विटकरी रंग दोनदाच आला. बाटल्या आल्या तेव्हा ती इतकी वाळली होती की बांगडी कोपरापर्यंत गेली असती, तिच्या हातात बांगडी असती तर. पण चालत होती.

त्यानंतर ती चार वर्षं जगली. मी झाडाच्या अर्काबद्दल तिची माफी मागायची असं अनेकदा ठरवलं. शब्दही जुळवून ठेवले होते. ते शेवटपर्यंत जुळलेलेच राहिले.