माशांच्या पाण्याला रुमाल
माशांच्या टाकीवर उन्हासाठी टाकलेला रुमाल धुवायला काढला की साक्रीहून धुळ्याला जाणारी ती बस आठवते. घरच्या तपासणीच्या पट्टीवर सगळं ठीक दिसत होतं, पण मासे वर येऊन तोंड वासत होते, म्हणून मी टाकीतलं पाणी बाटलीत भरून धुळ्याच्या दुकानात तपासायला नेत होते. बस तापली होती. शेजारच्या अनोळखी आबांनी बाटलीकडे बघत विचारलं, "पोरी, घोटभर पानी देशी का?" ते माशांचं आहे, असं मी सांगितलं. आबा हसले, डोक्याचा रुमाल सोडून बाटलीभोवती गुंडाळला आणि म्हणाले, "मंग उनमा धरू नको." नेर गाव आलं तसे आबा उघड्या डोक्याने, तहानलेलेच उतरले. दुकानदाराने त्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले तर अमोनिया वाढलेला निघाला. आमच्या पट्टीवर तो रकानाच नव्हता. मासे वाचले. प्रवासाला निघताना मी आता पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरते. दुसरी बहुतेक तशीच भरलेली परत येते.