मी शुद्धीवर होते

त्या वर्षी माझी पाळी एकदा सुरू झाली की थांबायचं नाव घेत नसे. कारखान्याच्या ऑफिसात खुर्चीवरून उठताना आधी मागे वळून पाहायचं, मग उठायचं, अशी सवयच लागली होती. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी टायपिंग करायचे. शेडमधून दिवसभर पत्रा ठोकल्याचे आवाज यायचे आणि ते सगळे माझ्या ओटीपोटात वाजतायत असं वाटायचं.

वरळीच्या चाळीतली खोली सोडून आम्ही इकडे फ्लॅट घेतला, त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. नवरा टेलिफोन खात्यात. घरात सासूबाई आणि नुकतीच शाळेत जायला लागलेली आमची मुलगी. पाणी टँकरचं. टँकर आला की बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका कळशा घेऊन खाली धावायच्या. त्या पावसाळ्यानंतर मला दोन जिने चढतानाही दम लागायला लागला, तेव्हा नवऱ्याने मला जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं.

तिथले डॉक्टर वयस्कर होते. आमची मुलगी त्यांच्याच हातची, आजूबाजूच्या बिल्डिंगांमधली निम्मी पोरंही त्यांच्याच हातची. सगळ्या बायकांना ते ‘बाळ’ म्हणायचे. त्यांनी तपासलं, सोनोग्राफीचा कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, “गर्भाशयात गाठ आहे. काढावी लागेल. घाबरण्यासारखं काही नाही.”

“गाठच ना?” मी विचारलं.

“हो बाळ, गाठच,” ते म्हणाले आणि पुन्हा नवऱ्याकडे वळले. फॉर्मही त्याच्याचकडे गेला. त्याने सही केली. माझी सही कुणी मागितली नाही, आणि तेव्हा मलाही त्यात काही खटकलं नाही. रक्त वाढवायच्या गोळ्या घेतल्या, आणि ठरलेल्या दिवशी भरती झाले.

शेजारच्या कॉटवर जवळच्याच उत्तन गावची एक कोळीण होती, माझ्यापेक्षा थोडी मोठी. तिचं ऑपरेशन आधीच झालं होतं. भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मी कशासाठी आलेय, ते तिने विचारलं. गाठ काढायची आहे, असं मी सांगितलं.

“माजी पन गाठच व्हती,” ती म्हणाली. “पिशवीच काढली. मना दुसऱ्या दिशी सांगला.”

“आधी विचारलं नाही?”

“घरवाल्याला इचारला व्हता. मना कोन इचारते?” आणि मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, “आता हाय काय न्हाय काय, सारखाच.”

तिचा आवाज अगदी सपाट होता. ती रडली असती तर मी तिला चार शब्द बोलले असते आणि विसरलेही असते. तो सपाटपणा मला जागेवर बसू देईना. मी उठून व्हरांड्यात गेले, परत आले, पुन्हा गेले. नवरा भेटायला आला तेव्हा त्याला म्हणाले, “अहो, डॉक्टरांना विचारा ना, फक्त गाठच काढणार ना?”

“त्यांनी सांगितलंय की गाठ. तू आता डोक्याला ताप नको करून घेऊ,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला टेबलावर बसवून मणक्यात इंजेक्शन दिलं. भूल देणारे डॉक्टर बाहेरून यायचे. तरुण होते, कमी बोलणारे. कमरेखालचं अंग आधी गरम झालं, मग माझं राहिलंच नाही. पाय हलवायचा प्रयत्न केला तर पाय कुठे आहेत तेच कळेना. छातीपुढे हिरवा पडदा बांधला. तरुण डॉक्टर माझ्या डोक्याशी स्टुलावर बसले आणि म्हणाले, “ओढल्यासारखं वाटेल. दुखलं तर सांगा.”

दुखलं नाही. पण कुणीतरी माझ्या आत कपाट आवरतंय असं वाटत राहिलं. वरच्या दिव्याच्या चकचकीत कडेत काहीतरी लालसर हलताना दिसत होतं. मी डोळे मिटायचे आणि लगेच उघडायचे. खाली रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. आज घरी पाणी कोण भरणार, असा विचारसुद्धा मनात आला.

मग पडद्यापलीकडे मोठे डॉक्टर म्हणाले, “एक नाहीये. चार-पाच आहेत. भिंतीत रुतल्यात.” थोडा वेळ नुसता अवजारांचा आवाज. “सिस्टर, बाहेर नवऱ्याला सांगा, पिशवी काढावी लागतेय. सही घेऊन या.”

पायांत बळ असतं तर मी उठून पळाले असते. आता पायच नव्हते. पहिल्यांदा बोलले ते नीट उमटलंही नाही. मग जोरात म्हणाले, “डॉक्टर, मी जागी आहे.”

पडद्यापलीकडची अवजारं थांबली.

“हो हो बाळ, तू शांत पड. बोलायचं नाही.”

“पिशवी काढताय?”

“तुझ्या भल्यासाठीच. पुन्हा त्रास नको व्हायला. मूल आहे ना तुला एक?”

तेवढ्यात सिस्टर परत आली. “सर, सही झाली.”

ते ऐकून मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. दाराच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो, आणि मधल्या मध्ये माझं काहीतरी देऊनही टाकलं गेलं होतं. मी मान वळवून डोक्याशी बसलेल्या तरुण डॉक्टरांकडे पाहिलं. दुसरं कुणी दिसतच नव्हतं.

“आत्ता नाही काढली तर मी मरेन का?” मी त्यांना विचारलं.

ते मोठ्या डॉक्टरांकडे बघू लागले. “सर, ब्लीडिंग?”

“कंट्रोलमध्ये आहे,” पलीकडून उत्तर आलं, नाइलाजाने दिल्यासारखं.

“म्हणजे आत्ता मरणार नाही?”

“आत्ता नाही. पण गाठी पुन्हा होतील. पुन्हा कापावं लागेल. मग माझ्याकडे रडत येशील.”

“मग आत्ता नको,” मी म्हणाले. “गाठी काढा. पिशवी नको.”

“नवऱ्याने सही केलीय, बाळ.”

“मी नाही केली.”

मोठे डॉक्टर तरुण डॉक्टरांना म्हणाले, “जरा झोपवा हिला. उगाच बीपी वाढवून घेतेय.”

तरुण डॉक्टर उठले नाहीत. हळूच म्हणाले, “सर, पेशंट पूर्ण शुद्धीवर आहे. ती नाही म्हणतेय. मी तिला आता झोपवू शकत नाही.”

मला वाटत होतं, आपण चूक तर केली नाही ना, आता पडद्यापलीकडचा माणूस रागाने काही करेल का, हात तर त्याचेच आहेत आत. पण मोठ्या डॉक्टरांनी निमूटपणे काम केलं. काढता आल्या तेवढ्या गाठी काढल्या, टाके घातले. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

वॉर्डात नवरा कॉटशी उभा होता. चेहरा उतरलेला. मी दुसरीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी त्याने संत्री सोलून पुढे केली, तेव्हा मी म्हणाले, “सही कशाला केलीत?”

“सिस्टर धावत आली. म्हणाली रक्त जातंय, पिशवी काढावी लागेल, सही करा. मी काय विचारणार होतो?”

“मी आत जागी होते. मला विचारा म्हणायचं होतंत.”

“मला कुणी सांगितलं तू जागी आहेस म्हणून? मला वाटलं, तुला झोपवलंय.” त्याचा आवाज चिरकला. “तुला काही झालं असतं तर मी पोरीला काय सांगितलं असतं?”

संत्र्याची फोड हातात तशीच राहिली. रागावायचं तर त्याच्यावर रागावावं लागणार होतं, आणि त्यालाही कुणी धड काही सांगितलेलं नव्हतं. उत्तनची बाई आमचं बोलणं ऐकत होती. नवरा गेल्यावर तिने विचारलं, “तू नको बोललीस? आनि त्यानी ऐकला?” मी हो म्हटलं. ती परत भिंतीकडे वळली. तिला त्याच संध्याकाळी घरी सोडलं. जाताना तिने माझ्या हातावर हात ठेवला.

घरी आले तरी मला चैन नव्हतं. सासूबाई प्रेमाने भाताची पेज करून द्यायच्या आणि वर म्हणायच्या, “काढू दिली असतीस तर कायमची कटकट गेली असती. आणखी मूल हवंय का तुला?” मूल नको होतं. आमचं दोघांचंही एकावरच ठरलं होतं. मग मी हट्ट कशाचा केला, हे त्यांना सांगता येईना, मलाही धड सांगता येईना. खिडकीशी उभी राहायचे, बसायचे, पुन्हा उभी राहायचे. टाके ओढले जायचे.

टाके काढायला गेले तेव्हा डॉक्टरांना विचारलंच. “तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत, की पिशवीसुद्धा काढावी लागेल?”

“आधी सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस. घाबरून घरी बसली असतीस, रक्त जाऊन जाऊन आडवी झाली असतीस.” ते रागावले नव्हते. मुलीला समजवावं तसं सांगत होते. “टेबलावरच्या माणसाला विचारायचं नसतं, बाळ.”

“म्हणूनच आधी विचारायचं,” मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “आयर्न चालू ठेव,” म्हणाले. याच माणसाने रात्र जागून माझी अडलेली मुलगी सुखरूप बाहेर काढली होती. त्यांच्यावर धड चिडताही आलं नाही, आणि सोडूनही देता आलं नाही.

आमच्याच बिल्डिंगमध्ये ठाण्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एक बाई राहायच्या. एकदा गच्चीवर पापड वाळत घालताना त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “सज्ञान बाई, शुद्धीवर असलेली. तिच्या शरीराला हात लावायला तिचीच परवानगी लागते. नवऱ्याची सही चालत नाही. तुम्ही बेशुद्ध असता आणि जीव जात असता, तर गोष्ट वेगळी.”

“आणि मी सही केली असती तर?”

“नुसत्या सहीने पण भागत नाही. काय करणार, का करणार, धोका काय, दुसरा उपाय आहे का, नाही केलं तर काय होईल, हे कळेल अशा भाषेत सांगायला पाहिजे. ते ऐकून तुम्ही हो म्हणालात, तर ती संमती.” मग त्यांनी विचारलं, “नोटीस पाठवायची आहे का?”

मी नको म्हणाले. माझ्या बाबतीत डॉक्टरांनी शेवटी हात आवरला होता. पण त्या रात्री मी उत्तनच्या बाईचा विचार करत राहिले. तिचं नाव-पत्ता नीट विचारून घ्यायला हवं होतं असं वाटलं. पुढे काही वर्षांनी, डॉक्टरांनाही ग्राहक कायदा लागू असल्याचा निकाल आला, तेव्हा पेपरात त्याची बरीच चर्चा झाली. ती वाचतानाही मला तिचीच पाठ आठवली.

गाठी पुन्हा झाल्या. डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी पुन्हा दम लागून जिन्यात बसायला लागले होते. या वेळी बोरिवलीच्या एका बाई डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कॅलेंडरच्या पानामागे पिशवीचं चित्र काढून दाखवलं, गाठी कुठे आहेत तिथे गोल केले. औषधांनी काय होईल, पुन्हा नुसत्या गाठी काढल्या तर काय, सगळी काढली तर अंडाशय ठेवता येईल का, हे एकेक करून सांगितलं. मी इतके प्रश्न विचारले की बाहेरच्या बायका दारातून डोकावायला लागल्या. “घरी जा, ठरवा, मग या,” त्या म्हणाल्या.

घरी येऊन आठवडाभर मी ते चित्र मनात घोळवत राहिले. मग नवऱ्याला सांगितलं, पिशवी काढून टाकूया. तो म्हणाला, “नक्की ना?” जेवताना पुन्हा, “नक्की ना?” झोपताना तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्याच्यावर खेकसले.

ऑपरेशन नीट झालं. मी डोळे उघडले तेव्हा बाई डॉक्टर शेजारी उभ्या होत्या. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, काय काढलं, काय ठेवलं, आत काय दिसलं. मी मान हलवली आणि मला रडू आलं. दुःख नव्हतं, पश्चात्तापही नव्हता. स्वतः ठरवलं तरी गेलेलं ते गेलेलंच. सासूबाई अजून म्हणतात, तेव्हाच काढली असती तर मधली वर्षं सुखाची गेली असती. तसं असेलही. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. ती वर्षं त्रासाची होती, पण ती मी निवडलेली होती. एवढं मनाशी म्हणून मी उठते आणि कामाला लागते, कारण त्यावर बसून विचार करत राहिले तर अजूनही मला स्वस्थ बसवत नाही.