बाईंसाठी घेतलेली अमेरिकन गाडी

गाडीत बसायच्या आधी मी चपला काढून बाहेर ठेवल्या. आत गालिचा होता, मग काय करणार? गाडी विकणारा अमेरिकन साहेब एकदा माझ्याकडे, एकदा चपलांकडे बघत राहिला. डॉक्टर म्हणाले, "घाल रे चपला, देवळात नाही चाललास." मला मात्र देवळातच चाललोय असं वाटत होतं. बॉनेटवर दोन माणसं ऐसपैस निजली असती. मागची सीट आमच्या गावाकडच्या बाजेपेक्षा रुंद. आणि दार लावलं की दिल्लीचा सगळा गोंगाट बाहेरच राहायचा. आत फक्त आपल्या श्वासाचा आवाज.

दूतावासातले साहेब बदली झाली की अशा गाड्या विकून जात. घेणारे हॉटेलवाले तरी असत, नाहीतर लग्नाला भाड्यानं देणारे. आमच्या डॉक्टरांचा साउथ एक्स्टेंशनमध्ये छोटासा दवाखाना, मागेच घर. ओळखीचे मराठी लोक म्हणत, "डॉक्टर, हत्ती बांधताय दारात!" डॉक्टर हसून सोडून देत. गाडी बाईंसाठी होती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

बाई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. मणक्याच्या दुखण्यानं त्या कित्येक वर्षं घराबाहेर पडल्या नव्हत्या. भिंत धरून चार पावलं टाकत, पण पाठीला हिसका बसला की ओरडायलाही श्वास उरत नसे. एकदा टॅक्सीतून न्यायचा प्रयत्न झाला होता. गल्लीच्या तोंडाशी, पहिल्याच खड्ड्याला, त्या पांढऱ्याफटक पडल्या आणि टॅक्सी परत फिरली. मग कुणीतरी डॉक्टरांना सांगितलं की अमेरिकन गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जाते.

मी सांगली जिल्ह्यातला, सातवीत शाळा सोडलेला. चुलतभाऊ इथे छावणीत शिपाई होता, त्याच्या शब्दावर डॉक्टरांनी मला ड्रायव्हर म्हणून ठेवून घेतलं. गॅरेजवरची खोली दिली, दोन वेळचं जेवण दिलं. त्या घराचे उपकार मी कसे मोजू? म्हणूनच गाडीचा मला धसका होता. हिचं काही मोडलं तर दुरुस्त कोण करणार, आणि बाई कशा बाहेर पडणार?

स्टिअरिंग डावीकडे. पुढची बस ओलांडायची तर मला समोरचं काही दिसत नसे. डॉक्टर उजवीकडून मान बाहेर काढून सांगायचे, "चल, मोकळं आहे. चल... अरे थांब थांब, ट्रक!" क्लच तर नव्हताच. पहिल्या दिवशी सवयीनं माझा डावा पाय क्लचसाठी खाली गेला तो रुंद ब्रेकवर पडला, आणि डॉक्टरांचं कपाळ काचेला लागलं. "काही नाही, काही नाही," म्हणत ते बराच वेळ कपाळ चोळत होते.

गाडीबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं. ते बाई मला पडल्या पडल्या वाचून दाखवायच्या, मराठीत सांगायच्या. मी दाराशी बसून ऐकायचो. "हे बघ, गिअरचं तेल इंजिन गरम असताना तपासायचं. कळलं का रे?" मला समजेपर्यंत त्या तेच पुन्हा सांगत, कंटाळत नसत. इतकी शिकलेली बाई, आणि माझ्यासाठी असं पुस्तक वाचतेय, या विचारानं मला बसल्या जागी अवघडल्यासारखं व्हायचं.

काश्मिरी गेटला सुटे भाग मागितले की दुकानदार म्हणायचा, "इसका सामान? अमरीका जाओ, भाई." मग ट्रकचा पाइप कापून बसवला, गॅस्केट हातानं कापून घेतलं, शॉक ॲब्सॉर्बर पुन्हा भरून आणले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता मी चालवतो, तू मागे आडवा पड. कुठे हिसका बसतो सांग." मालक पुढे गाडी हाकतोय आणि ड्रायव्हर मागे पाय पसरून पडलाय, असे आम्ही रिंग रोडवरून फिरलो. सायकलवाले वाकून आत बघत होते. हिसका कुठेच बसला नाही. मला तर झोपच यायला लागली.

संक्रांतीला बाई निघाल्या. लक्ष्मीबाई नगरात एका सरकारी अधिकाऱ्याच्या घरी हळदीकुंकू होतं. काळी साडी नेसून त्या मागच्या सीटवर उशांना टेकून बसल्या, डॉक्टर पुढे माझ्या शेजारी, आणि मी श्वास रोखून गाडी चालवली. खड्डा आला की आरशात बघायचो. दर वेळी त्या खिडकीतून बाहेरच बघत असायच्या.

घर वरच्या मजल्यावर, जिना चढणं शक्य नव्हतं. तेव्हा यजमानीणबाई खाली आल्या, "तुम्ही नका उतरू, हळदीकुंकूच खाली आणते!" म्हणाल्या. बघता बघता तबक, अत्तरदाणी, तिळगूळ, वाण सगळं गाडीत. बायका चपला बाहेर काढून आत बसू लागल्या. कुणी म्हणालं, "अगंबाई, आमच्या हॉलपेक्षा मोठी आहे!" दुसरी म्हणाली, "सरका यार, मलाही बसायचंय." बाईंची ओटी त्या सीटवरच भरली. बाहेर मांडलेल्या चपलांची रांग बघून मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

निघताना किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. स्टार्टर गेला होता.

वरून नवरेमंडळी धावत आली. "चलो, धक्का देऊ!" स्वेटरच्या बाह्या वर करून सगळे गाडीच्या मागे उभे राहिले. तेवढ्यात मागच्या खिडकीतून बाईंचा खणखणीत आवाज आला, "काही उपयोग नाही! हिला क्लच नाही, ढकलून सुरू होत नाही. मी पुस्तकात वाचलंय!"

"मग माझ्या जीपला दोर बांधू, वहिनी," कुणी सुचवलं.

"नको," डॉक्टर आणि मी एकदमच म्हणालो. दोर ताणला की हिसका बसणारच.

मी बाईंकडे बघायची हिंमत करत नव्हतो. त्याच म्हणाल्या, "सुरू होत नाही म्हणाले मी. ढकलत घरी नेता येत नाही असं कुठे म्हणाले?"

आणि ते निघाले! मंत्रालयात ज्यांच्या दाराशी शिपाई बसतात, ते साहेब गाडी ढकलत होते. इंजिन बंद असल्यानं स्टिअरिंग दगड झालेलं, ब्रेकही तसाच. मी सगळं अंग घालून ते वळवत होतो. डॉक्टर पुढे चालत हात करून रस्ता मोकळा करत होते. किदवई नगरच्या कडेनं जाताना मागून कुणी ओरडलं, "बिल्कुल हळू हं, बाईंना लागेल!" लगेच दुसरा म्हणाला, "बाईंना? अहो, माझी कंबर गेली!" मागच्या सीटवर बाई मोठ्यानं हसल्या. त्या हसल्या की पाठ दुखते, म्हणून मी दचकून आरशात पाहिलं. त्या हसतच होत्या.

अंधार पडायच्या आत गाडी दाराशी लागली. मी उतरून मागचं दार उघडलं आणि विचारलं, "त्रास नाही ना झाला, बाई?"

बाईंनी घराकडे पाहिलं. मग घामाघूम झालेल्या त्या सगळ्यांकडे.

"इतक्यात आलं?" त्या म्हणाल्या.