शहजाद्याचा रंग

वैशाली नगरच्या सिंधुताई मेश्राम शिवजयंतीच्या नाटकाचे कपडे शिवत, आणि त्यांना ठाऊक असलेला इतिहास दोनच रंगांचा होता. समितीचे अध्यक्ष भय्याजी दरवर्षी बजावत, "आपले भगवे, ते हिरवे. बस्स!" तख्तं पालटली असतील, कापडाच्या ठाणांनी मात्र कधी निष्ठा बदलली नाही.

यंदा घोटाळा झाला. नाटक लिहिणाऱ्या प्रफुल मास्तरांनी त्यात औरंगजेबाचा मुलगा अकबर आणला. बापाविरुद्ध बंड करून, हरून, संभाजीराजांच्या आश्रयाला आलेला.

"मले एवढंच सांगा, कापड कोणतं कापू?" सिंधुताईंनी विचारलं.

समिती बसली. चहा झाला, समोसे झाले. भगवा द्यावा तर नमाज पढतो. हिरवा द्यावा तर राजांच्या शेजारी बसतो. कुणी म्हणालं, अर्धा-अर्धा शिवा. तीन पक्ष फिरून आलेले भय्याजी शेवटी कडाडले, "बापाशी बंड? पोरांवर काय संस्कार होतीन? काढून टाका त्याले!" इतिहासाचा गुंता असा समोशांबरोबर संपला, लोक उगीच जन्मभर अभ्यास करतात.

पंचाईत झाली लहानूची. रोलिंग मिलमधला हा गडी दरवर्षी तोंड न उघडता मरणारा मावळा व्हायचा. यंदा कुठे शहजादा म्हणून बोलायला मिळालं होतं. सिंधुताईंच्या मशीनजवळ येऊन तो बसला. "सारं पाठ केलं होतं वो, काकू."

सिंधुताईंनी उरलेलं जांभळं अस्तर ओढलं आणि अंगरखा बेतला. "भेतं कावून? घाल अन् जाय स्टेजवर. शहजादा बंडखोरच होता ना?"

प्रयोगात राजांचा दरबार भरला आणि जांभळा लहानू आत शिरला. राजे झालेला नट गडबडला. पहिल्या रांगेत भय्याजी ताडकन उठले.

"महाराज," लहानू म्हणाला, "बापाच्या राज्यात मला जागा उरली नाही. तुमच्या राज्यात आहे?"

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. स्टेजकडे निघालेला भय्याजींचा संताप वाटेतच विरघळला. माइक घेऊन त्यांनी जाहीर केलं, की हा प्रसंग त्यांच्याच आग्रहामुळे ठेवला आहे. पुन्हा टाळ्या.

विंगेत सिंधुताईंना हसायला सवड नव्हती. लहानूच्या अंगरख्याची काख उसवली होती आणि टाळ्या पाहून राजांनी त्याला पुढच्या प्रवेशातही बोलावलं होतं.

"हालू नको, सुई टोचून राहिली."

"टोचू द्या वो, काकू," लहानू म्हणाला. त्याचे डोळे पडद्याच्या फटीतून मांडवावर खिळले होते.